मामांच्या घरचा जिना

मंडळी, कामावर कोणाला लागलं की आपण आधी काय विचारतो? "फार लागलं का?" की "कोणी बघितलं का?" खरं सांगा हं!

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात अपघाताची नोंद झाली की विम्याचा हप्ता वाढायचा आणि सगळ्यांचा बोनस जायचा. त्यामुळे तिथं कोणाला काही लागतच नसे. लागायचं ते घरी! कोणी न्हाणीघरात घसरे, कोणाचं बोट कपाटात चेमटे. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवरचे मामा तर म्हणे जिन्यावरून पडले आणि हाताला प्लास्टर घालून घरी बसले.

मालकीणबाई मनाने चांगल्या. फळं घेऊन मामांना बघायला निघाल्या. विमा कंपनीच्या तपासनीस बाई कारखान्यात आल्याच होत्या, त्याही सोबत गेल्या.

मामींनी दार उघडलं. तळमजल्यावरची एकच खोली. तपासनीस बाईंनी चहूकडे पाहिलं.

"मामा, जिना कुठंय हो?"

मामा छताकडे बघू लागले. मामींना मात्र राहवेना.

"जिना कसला डोंबलाचा! पंजा प्रेसखाली गेलाय यांचा. आणि हे तोंडाला कुलूप लावून बसलेत!"

"अगं, सगळ्यांचा बोनस गेला असता," मामा पुटपुटले. मग एकदम दचकून मालकीणबाईंकडे वळले. "बाई, माझ्या प्रेसवर आता कोण बसतं?"

"चिमणी. नवीन आहे, पण हात चपळ आहे तिचा."

"अहो, तिला उठवा आधी! पुढची जाळी तुटलीय. म्हणून तर माझा हात आत गेला!"

मालकीणबाईंनी हातातली फळं खाली ठेवली आणि मोबाइल काढला. कारखान्यात फोन लावून त्या ओरडल्याच, "प्रेस बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

थोड्या वेळाने पलीकडून चिमणीच बोलली. "बाई, माझं काही चुकलं का?"

मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "नाही गं पोरी, माझं चुकलं."

"आमचंही," तपासनीस बाई म्हणाल्या. "नोंदी कमी तर हप्ता कमी, हा नियम आमचाच. असा नियम जिथं जिथं असतो, तिथं काही मालक यंत्रं सुधारतात आणि काही माणसांची तोंडं बंद करतात. सवलत द्यायची तर जाळी बसवल्याची द्यायला हवी, गप्प बसल्याची नव्हे. मी हे वर मांडणारच!"

मामांचा अपघात नोंदला गेला, विम्यातून नीट उपचार झाले आणि बोटं पुन्हा वळू लागली. बोनस कोणाचाच गेला नाही. मालकीणबाईंनी बोनसची ती अटच काढून टाकली. नवी जाळी बसल्यावर चिमणी भेटायला आली. तिचे डोळे भरून आले होते.

"मामा, माझे हात शाबूत आहेत ते तुमच्यामुळे."

"मामीचे आभार मान, बाळा. मी तर जिन्यावरच बसून होतो!"

आता तिथं कोणाला नुसतं खरचटलं तरी तो सांगतो, आणि मालकीणबाई मनापासून म्हणतात, "बरं झालं सांगितलंत!"

मंडळी, आपण लपवलेली जखम उद्या दुसऱ्याच्या हाताला होते. म्हणून लागलं तर सांगा. आणि कोणी सांगितलं, तर आधी त्याचे आभार माना.