दोघींत एक दुर्बीण

पक्षी ओळखायला शिकवणाऱ्या वर्गात भावाने दोन नावं घातली होती, एक स्वतःचं आणि एक थोरल्या बहिणीचं. वर्ग दर रविवारी सकाळी, पाणीपुरवठ्याच्या जुन्या तलावावर. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं, आणि नुसतं चालायचा त्याला कंटाळा होता. पण पहिल्याच रविवारी त्याने पाय मुरगळल्याचं सांगितलं आणि दुर्बीण बायकोच्या गळ्यात अडकवली. "नाव घातलंय, वाया कशाला जाऊ द्यायचं?" ताई तिथे असणार हे त्याने बायकोला सांगितलं नाही, आणि बायको येतेय हे ताईला.

नणंद-भावजय तलावाच्या फाटकाशी समोरासमोर आल्या. ऑपरेशन झाल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. भाऊ दवाखान्यात दाखल झाला, त्याची छाती उघडली, पुन्हा शिवली, तो शुद्धीवर येऊन चहा मागू लागला, आणि हे सगळं नणंदेला कळलं ते चौथ्या दिवशी, तेही शेजारणीकडून. ती तडक दवाखान्यात गेली, भावाला दारातून पाहिलं आणि भावजयीला म्हणाली, "परकं कोण ते कळलं हो आज." भावजयीने खुलासा केला नाही. तेव्हापासून येणं-जाणं संपलं होतं.

फाटकावरून परत फिरायला दोघीही तयार होत्या, पण आधी कोणी फिरायचं हा प्रश्न होता. तो सुटायच्या आत शिकवणाऱ्या बाई आल्या. बाईंचं औषधांचं दुकान होतं आणि सहाच दिवस त्या ते उघडायच्या. एका दुर्बिणीत दोघं अशा त्यांनी जोड्या लावल्या. "तुम्ही एकाच घरच्या ना? मग एकत्र," म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

दुर्बिणीचा पट्टा आखूड होता. भावजय बघायची, मग पट्टा डोक्यातून काढून दुर्बीण कठड्यावर ठेवायची. नणंद तिथून उचलायची. हातातून हातात द्यायची वेळ दोघींनीही येऊ दिली नाही.

भावजय एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. खऱ्या दाताशेजारी खोटा दात बसवताना पांढऱ्याच्या छटा जुळवाव्या लागतात, त्यामुळे तिची नजर रंगाला पक्की होती. पाण्याकाठी बसलेल्या एका बगळ्यासारख्या पक्ष्याकडे पाहून ती ठामपणे म्हणाली, "मातकट तपकिरी." तेवढ्यात तो उडाला आणि पांढराशुभ्र झाला.

"वंचक," बाई म्हणाल्या. "पंख मिटले की मातकट, उघडले की पांढरे. रंगावर जाऊ नका. आधी आकार बघा, मग चाल, मग आवाज. रंग सगळ्यात शेवटी."

नणंद बसस्थानकावर घोषणा करायची. काचेच्या खोलीत बसून इंजिनाच्या आवाजावरून कुठली गाडी फलाटाला लागली ते ती सांगायची. तिने कानावर भिस्त ठेवली, आणि झुडपातल्या एका चिवचिवाटाला चिमणी, खार आणि बिनतेलाचं फाटक अशी तीन नावं दिली. तो शिंपी निघाला, बोटाएवढा.

"शिंपी, धोबी, कोतवाल, सुगरण," नणंद बाईंना म्हणाली. "पक्षी आहेत का बाजारपेठ?"

भावजयीला हसू आलं. ते तिने पाण्याकडे तोंड करून संपवलं.

दुसऱ्या रविवारीही भावाचा पाय दुखत होता, पण तो दुसरा पाय होता. भावजयीच्या ते लक्षात आलं. तरी तिने दुर्बीण उचलली आणि ती गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. आठवडाभर प्रयोगशाळेत येता-जाता ती तारांवर कोण बसलंय ते पाहत होती. साळुंकी तिला आता न थांबता ओळखू यायची, आणि आपल्याला काहीतरी नवं येतंय ही भावना तिला पुष्कळ वर्षांत झाली नव्हती.

तिसऱ्या रविवारी वाद झाला. पंपघराच्या मागे मोठं झाड होतं. त्यातून "टिट्यू, टिट्यू" असा तीक्ष्ण आवाज आला.

"शिक्रा," नणंद म्हणाली. हा छोटा शिकारी पक्षी बाईंनी मागच्या वेळी ऐकवला होता आणि तो तिच्या कानात बसला होता.

"काळा आहे. शेपटी दुभंगलेली. कोतवाल," दुर्बीण डोळ्याला लावून भावजय म्हणाली.

"यांना सांगा, आवाज शिक्र्याचाच आहे."

"यांना सांगा, मला समोर दिसतोय."

निरोप्याचं काम करायला बाईंना वेळ नव्हता. "दोघी इथेच थांबा आणि नीट बघा. मी बाकीच्यांना पुढे नेते," म्हणून त्या गेल्या. आणि पक्षी पानांत शिरला.

दोघी कठड्यावर बसल्या, मध्ये दुर्बीण. आधी उठणारी हरणार होती, म्हणून कोणीच उठलं नाही. बराच वेळ गेला.

"चौथ्या दिवशी कळलं मला," नणंद म्हणाली. डोळे झाडावरच होते.

"माहीत आहे."

"सख्खी बहीण आहे मी त्याची."

"आत नेताना तोच म्हणाला, ताईला कळवू नकोस. ती आली की रडेल, आणि ती रडली की माझं अवसान जातं."

नणंदेने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आणि हे मला तेव्हा नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे, ताई? तुम्ही निकालच दिलात. आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं झालं. तो आत होता, मी बाहेर एकटी. तुम्ही आला असता तर तुम्हाला सावरणंही माझ्यावरच आलं असतं. तेवढी ताकद नव्हती माझ्यात."

नणंदेने पुन्हा झाडाकडे पाहिलं. आपण खरोखरच रडलो असतो, हे तिला माहीत होतं.

खाली गवतात साळुंक्या किडे टिपत होत्या. एकाएकी पुन्हा तोच आवाज आला आणि साळुंक्या उधळल्या. झाडातून काळा पक्षी सूर मारून खाली आला, एकीने टाकलेला किडा उचलून तारेवर बसला, आणि तिथे बसून ओरडला, "टिट्यू, टिट्यू."

"चोच बघा त्याची, चोच!" भावजयीने दुर्बीण तिच्या हातात कोंबली.

नणंदेने पाहिलं. काळा, शेपटी दुभंगलेली, गळा हलतोय, आणि आवाज शिक्र्याचा.

"लबाड मेला!" ती म्हणाली.

परत आलेल्या बाईंनी ऐकून मान हलवली. "कोतवाल नकला करतो. शिक्रा आला असं भासवतो, साळुंक्या पळाल्या की त्यांचा घास पळवतो. फसायला होतं. मीही फसलेय."

त्याच दुपारी नणंदेने भावाला फोन लावला. "मला कळवू नको असं तू म्हणाला होतास?"

तो म्हणाला, "भूल द्यायच्या आधी माणूस काहीही बोलतो, ताई."

"भूल द्यायच्या आधी माणूस शुद्धीवर असतो," असं म्हणून तिने फोन ठेवला. आता अबोला त्याच्याशी सुरू झाला.

चौथ्या रविवारी तो भल्या पहाटे बूट घालून दारात उभा होता. "आज मीही येतो."

"दुर्बीण एकच आहे," बायको म्हणाली आणि जिना उतरू लागली. तो मागोमाग गेला. तलावावर त्याच्याशी दोघीही बोलेनात, तेव्हा तो एकटाच तलावाला फेऱ्या मारू लागला. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं असं सुरू झालं.

दोघींचं गूळपीठ जमलं नाही. नणंद घरी आली ती महिन्याभराने, आणि तेव्हाही बाहेरच्या खोलीतच बसली. पण वर्ग संपल्यावरही रविवारी दोघी फाटकाशी भेटत राहिल्या.

एकदा काठच्या बोरूच्या गवतात एक बारीकसा तपकिरी पक्षी दिसला. आकार कुणाशी जुळेना, आवाज करेना. फेरी संपवून भाऊ धापा टाकत जवळ आला. "कोण आहे?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही," नणंद म्हणाली.

"तुला?"

"मलाही नाही," भावजय म्हणाली.

"मग एवढं काय बघताय?"

"गप्प बस जरा," नणंद म्हणाली. पक्षी बोरूत आत गेला होता. तो पुन्हा बाहेर येतो का, हे पाहत तिघं तिथेच उभी राहिली.