मोहोळाखालची घंटा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. तेलगावच्या वाटेवर ख्रिस्ती वस्ती लागते, तिथल्या पत्र्याच्या देवळाच्या बुरुजात मी टांगलेली. बैलगाडीतून इथं आले आणि आल्या दिवसापासून माझा आवाज लई चढा म्हणून बोलणी खाल्ली. तरी उपासना असो की लग्न, माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे.

फक्त करडई फुलली की माझी बोलती बंद. तेव्हा माझ्या डोक्यावरच्या तुळईला आग्या मोहोळ बसायचं. घंटेनं माश्या उठतात, म्हणून भिवराबाई माझ्या लोलकाला गोणपाट गुंडाळायची आणि मोहोळ जाईपर्यंत दारोदार हिंडून उपासनेची हाळी द्यायची. देवळाची झाडलोट तिच्याकडं होती. "देवानं आधी त्यांना केलं, मंग आपल्याला. थोरल्यांच्या घरात गलका करू न्हाई," म्हणायची. मला राग यायचा. पण त्या गुणगुणीत मला झोपही छान लागायची. देवळामागच्या तिच्या वेलाला भोपळे लागत. पहिला भोपळा ती हंगामाच्या सणाला वेदीपुढं ठेवी.

मग दुष्काळाचं साल आलं. विहिरी आटल्या. टँकर देवळाच्या हौदात पाणी ओतायचा, तिथंच माणसं आणि तिथंच माश्या. त्यात करडईवर माव्याची कीड पडली. शेतकऱ्यांच्या सोसायटीनं औषध आणलं, देवळाच्या पाळकांनी फवाऱ्याच्या पंपांवर प्रार्थना केली आणि दुसरीकडं पाणी नाही म्हणून औषध हौदाच्या कडेलाच कालवायचं ठरलं. सोसायटीचा चेअरमन शहादेव आमच्याच वस्तीतला, भला माणूस.

भिवराबाई त्याला आडवी गेली. "शहादेवा, हितं कालवू नको. माश्या पाणी पितेत. आन् फवारा दिवस मावळताना."

"काकू, टँकर सकाळीच येतो. पीक गेलं तर वस्ती खाईल काय?"

"आन् माश्या गेल्यावर?"

"माश्या काय, येतेत परत."

त्याचंही खोटं नव्हतं, पोटाचा प्रश्न होता. सकाळीच हौदाशी औषध कालवून फवारलं आणि दुपारपर्यंत माश्या गळू लागल्या. फरशीवर, पायऱ्यांवर, माझ्या काठावर. भिवराबाईनं सुपात भरून नेल्या आणि वेलाखाली पुरल्या. करडई वाचली. सणाला सगळ्यांनी देवाचे आभार मानले.

पुढच्या साली करडई फुलली तसं बाईनं मला गोणपाट बांधलं. तुळई रिकामीच राहिली. त्याच्या पुढच्या सालीही तेच. मित्रांनो, कुणीच नसलेल्या घराखाली तोंड बांधून लटकणं काय असतं, ते मला विचारा. वारा पडला की गुणगुण ऐकू आल्याचा भास व्हायचा. वर बघावं तर मेणाचा काळा डाग. भोपळ्याचा वेल फुलायचा, पण फुलावर माशी नाही; बोटाएवढं फळ दिसायचं, पिवळं पडायचं आणि गळायचं. सणाला बाई रिकाम्या हातानं बसू लागली.

यंदाही मी बांधलेलीच. ईस्टरला, येशूच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, शहादेव तिच्या दारी गेला. "काकू, माश्या न्हाईत, मोहोळ न्हाई. सणाला घंटा मुकी काहून ठेवली?"

ती उठून देवळाकडं निघाली. शिडी चढून तिनं गोणपाट सोडलं. मला वाटलं, आता घणघणाट. पण तिनं खाली उतरून दोर एकदा ओढला आणि थांबली. मग पुन्हा एकदा. आमच्याकडं वस्तीतलं माणूस गेलं की असा सावकाश, एकेक टोला देतात.

माणसं हातातलं टाकून धावली. शहादेवानं डोक्यावरची टोपी काढली. "कोण गेलं, काकू?"

"तुळईवरचे."

कुणीतरी हसलं. पाळक पुढं झाले. "बाई, आज आनंदाचा दिवस. देव उठवील त्यांना."

"उठवणं त्याच्याकडं हाय," भिवराबाई म्हणाली. "राखणं आपल्याकडं दिलतं."

शहादेव खाली मान घालून आला आणि तिच्या हातातला दोर घेतला. पुढचे टोले त्यानंच दिले.

मित्रांनो, मी घंटा, ओढाल तशी वाजणार. तुमच्या गावात अजून काही गुणगुणत असेल, तर ते जितं आहे तोवर त्याला जपा. माणसांसाठी द्यायचे टोलेच मला पुरेसे जड जातात.