भाकरतुकडा

पोपटशेट मिठाच्या कामाला मुंबईला गेला आणि डोक्यात आगबोट घेऊन कल्याणला परत आला. बंदरावर त्याने गोऱ्यांचं एक आख्खं बिऱ्हाड बोटीत चढताना पाहिलं होतं. मडमा, पोरं, आया, कुत्रं, वेताच्या खुर्च्या. हे कुठल्या गावी चालले म्हणून त्याने तिथल्या शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, गावी नाही, हवा खायला चाललेत; फिरून परत इथेच उतरतील.

‘म्हणजे कुठे पोचायचं नाही?’ त्याच्या बायकोने, बायजाबाईने विचारलं.

‘नाही.’

‘मग निघायचं कशाला?’

‘परत यायला,’ पोपटशेट म्हणाला. ‘तुला नाही कळायचं. मोठ्या लोकांची रीत आहे ती.’

मोठ्या लोकांच्या रीती घरी आणायची त्याला हौस होती. त्याचा बाप मिठागरात उघड्या पायांनी मीठ ओढायचा. पोपटशेटने मीठ ओढणं सोडून विकणं धरलं, मचवे बांधले, कल्याणात माडी चढवली, आणि त्या घरात पैशामागोमाग सोवळं आलं. त्याच्या आईच्या वेळी बाई विटाळशी असली तरी आगरात कामाला जायची, कोणी विचारत नसे. बायजाबाईच्या राज्यात विटाळशीने तीन दिवस गोठ्याकडच्या पडवीत बसायचं, कशाला शिवायचं नाही, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. नव्याने शिकलेलं माणूस जरा जास्तच घट्ट धरतं.

दिवाळी उलटली, समुद्र निवळला. मिठाचा सगळ्यात मोठा मचवा धुऊन काढला, वर कनात ताणली, खाली गाद्या घातल्या. लाडवांचा डबा, पाण्याचे हंडे, मातीने भरलेल्या पेटीत चूल. खाडीने वसईपर्यंत जायचं, बाहेर समुद्रात एक फेरी मारायची आणि परत यायचं, असा बेत ठरला.

घरातली एकुलती सून सगुणा. त्या सगळ्या बेतातलं तिला एकच नाव ऐकू आलं. कोलशेत. तिचं माहेर वाटेवर, खाडीच्या अगदी काठाला होतं, आणि लग्न झाल्यापासून चार वर्षांत ती तिथे एकदाही गेली नव्हती. लग्नात विहिणीच्या पंगतीला तूप कमी पडलं होतं. तेवढ्यावरून बायजाबाईने तिचं माहेर बंद केलं होतं. आणि बायजाबाईची स्वतःची मुलगी रतन लग्न होऊनही वर्षातले निम्मे दिवस आईच्याच घरी असे.

‘कोलशेतला पाणी भरायला थांबू,’ पोपटशेट जेवताना म्हणाला. ‘तेवढ्यात भेटून घे आईला. तुझ्या भावाला निरोप धाडलाय.’

सगुणाने वाढता वाढता मान हलवली. त्या दिवशी तिने आमटीत मीठ दोनदा घातलं. मीठवाल्याच्या घरी मीठ स्वस्त, असं रतन म्हणाली आणि सगळे हसले.

सगुणाच्या आईचे, लक्ष्मीचे, दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेल्यात जमा होते. नुसता उजेड आणि काळोख कळे. एका तापात कानही गेले. कानाला तोंड लावून ओरडावं तेव्हा कुठे तिला काही पोचे. आपण समोर गेलो तर आई आपल्याला ओळखणार कशाने, हाच विचार सगुणाच्या मनात घोळत होता.

दुपारच्या ओहोटीला मचवा सुटला. सुकाणावर काळुराम तांडेल होता. मागे दोराला एक होडकं बांधलेलं होतं, किनाऱ्याला जायला लागलं तर असावं म्हणून. पोपटशेट गादीवर पाय पसरून बसला आणि दोन्ही काठांवरच्या माणसांकडे साहेबासारखा बघू लागला. डोंबिवलीच्या काठाला म्हशी धुणाऱ्या एका म्हाताऱ्याने हाक मारली, ‘शेट, मीठ कुठं चाललं?’

‘मीठ नाही, माणसं आहेत.’

‘कोण मेलं काय?’ म्हाताऱ्याने विचारलं.

संध्याकाळी दिवा गावाजवळ नांगर टाकला. तिथेच सगुणाच्या ध्यानात आलं, की आपल्याला अवेळीच विटाळ आलाय. तिने कोणाला सांगितलं नाही. चुलीवर भात रांधला, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. एवढी कोलशेतची भेट होऊ दे, मग काय ते होवो, असं तिने ठरवलं. सकाळी भरती ओसरायला लागली तसा मचवा पुन्हा निघाला. कळव्यापलीकडे डोंगर मागे पडला, खाडी रुंद झाली. सगळे पुढे बघताहेत असं पाहून ती मागच्या बाजूला बसून पाण्यात कपडा खळबळू लागली.

‘आई,’ रतन सुपारी चघळत म्हणाली, ‘वहिनी काय धुतेय बघ तरी.’

बायजाबाई उठली, बघितलं, आणि आधी भाताच्या पातेल्याकडे गेली. पातेलं तसंच उचलून तिने खाडीत सोडलं. मागून लाडवांचा डबा गेला. पाण्याचे हंडे उपडे झाले. ती ओरडली नाही. भांडी पाण्यात टाकताना ती एकेकाचं नाव घेत होती, मेलेल्या माणसाचं घ्यावं तसं.

‘आत्याबाई, कोलशेत आलंच होतं,’ सगुणा म्हणाली. ‘तेवढ्यासाठी गप्प राहिले.’

‘माझ्या नवऱ्याच्या मुखात विटाळशीच्या हातचा भात घातलास तो तेवढ्यासाठी?’

मचव्यावर पडवी नव्हती. तिला बाजूला बसवायचं तर कुठे, असा प्रश्न पडला. तो पोपटशेटने सोडवला. त्याने मागच्या होडक्याकडे बोट केलं. काळुरामने दोर ओढून होडकं जवळ घेतलं, सगुणा त्यात उतरली, आणि दोर पुन्हा सैल सोडला.

‘साहेबांच्या आगबोटीवर पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असतो,’ पोपटशेट म्हणाला. ‘आपल्याकडे तिसराही झाला.’

रतन इतकी हसली की तिला ठसका लागला. सगुणाचा नवरा जया शिडाची दोरी तपासत होता. ती दोरी तपासायची त्याला काही गरज नव्हती.

‘शेट, ऊन फार हाय,’ काळुराम म्हणाला. ‘एक गोणपाट टाकू का तिच्याकडं?’

‘टाक. पण परत घेऊ नकोस ते.’

कोलशेतच्या बांधाला मचवा लागला. फळी टाकून मंडळी उतरली. होडकं मागे पाण्यावर डुलत राहिलं, हाक पोचेल एवढ्या अंतरावर. बांधावर गुणाजी, सगुणाचा भाऊ, आईला धरून उभा होता. म्हातारीने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. तिच्या एका हातात तांब्या आणि एका हातात भाकरीचा तुकडा होता, लेकीवरून ओवाळून टाकायला.

‘कुठं हाय माझी बाय?’ ती म्हणाली आणि हात पुढे करून चाचपडू लागली.

‘ती नाही उतरायची, विहीणबाई,’ बायजाबाईने सुरुवात केली, पण रतन तिच्या पुढे झाली. आईकडे बघून तिने डोळा बारीक केला, पदर तोंडात धरला, हसू गिळलं आणि म्हातारीच्या कानाशी ओणवून ओरडली, ‘ही काय मी, आये.’

म्हातारीने तिला कवटाळलं. तोंडावरून हात फिरवला. ‘गाल भरले तुझे. कल्याणचं पाणी मानवलं.’ मग तिचे हात हातात घेऊन ती बराच वेळ चोळत राहिली. पोपटशेट तोंड फिरवून खांदे हलवत हसत होता.

होडक्यात सगुणा उठून उभी राहिली. ‘आये,’ तिने हाक मारली. खाडीपलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. बांधावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. एका म्हातारीने पाहिलं नाही.

गुणाजी गुडघाभर पाण्यात उतरून होडक्यापाशी आला.

‘गप बस,’ तो हळू म्हणाला.

‘दादा, आईला सांग.’

‘काय सांगू? तुला पाण्यात बांधलीय म्हणून सांगू? तिचं तोंड बघ एकदा. चार वर्सांत अशी हसली नाय ती.’

‘ती माझ्यासाठी हसतेय.’

‘माझं सगळं मीठ शेटच्या मचव्यात जातं, सगुणे. दुसरा कोण घेतो इथं?’ त्याने होडक्याच्या कडेवरचा हात काढला. ‘थट्टा हाय. घटकाभराची.’

तो परत वर गेला आणि आईला धरून उभा राहिला.

म्हातारीने रतनवरून पाणी ओवाळलं, भाकरतुकडा ओवाळला, इडापिडा टळो म्हणाली, आणि आंधळ्या माणसाला जमेल तेवढ्या जोराने तो पाण्याच्या दिशेने भिरकावला. तुकडा होडक्यात पडला. मग तिने कनवटीची गाठ सोडून काळ्या दोऱ्यात ओवलेली सोन्याची पुतळी काढली, सुनेपासून आणि मुलापासून जपून ठेवलेली, आणि रतनच्या गळ्यात बांधली. रतनच्या तोंडावरचं हसू तेवढं क्षणभर थांबलं. पुतळी जुनी आणि चांगल्या वजनाची होती. तिने ती पदराखाली सारली.

‘तिकडं पाण्यात काळं काय दिसतंय?’ म्हातारीने विचारलं. उजेडात सावली तेवढी तिला कळत होती.

‘मोलकरीण आहे आमची,’ पोपटशेट तिच्या कानात ओरडला. ‘बरं नाही तिला.’

म्हातारीने रतनला स्वतःच्या मागे ओढलं. ‘मग लांबच ठेवा हो तिला. कसली साथ असते, कोणाला ठावं. माझ्या पोरीला काय लागायचं.’

हे होडक्यात स्वच्छ ऐकू आलं. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात.

सगुणा खाली बसली. मंडळी गुणाजीच्या ओट्यावर जेवायला गेली. घरात पाच पक्वान्नं नव्हती, पण तांदळाच्या घावनांचा वास पाण्यापर्यंत आला. ओवाळून टाकलेला तुकडा कोणी खात नाही. त्यात ज्याच्यावरून ओवाळलं त्याची सगळी पीडा असते. तो कुत्र्याने खायचा नाहीतर माशाने. सगुणाने तो उचलला, त्यावरचं खारं पाणी पदराने टिपलं आणि खाल्ला. आईच्या हातची भाकरी कडेला जरा जाड राहते, तशीच ती होती.

पुढचा प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. जयाने दोराशी येऊन एकदा म्हटलं, ‘थट्टा होती. एवढं काय.’ चौथ्या दिवशी वसईला सगुणाने आंघोळ केली आणि तिला वर घेतलं. ती वर आली ते बरंच झालं, कारण किल्ला मागे टाकून मचवा समुद्रात शिरला आणि लाटांनी पहिल्या वर्गाचं पोट ढवळलं. पोपटशेट कनातीच्या खांबाला मिठी मारून देवाचं नाव घेऊ लागला. बायजाबाई आणि रतन एकमेकींच्या अंगावर ओकल्या. सगुणा बादलीने पाणी ओढून गाद्या धूत होती, सासूचं कपाळ धरत होती. त्या दोन दिवसांत तिच्या हातचं पाणी कोणी नाकारलं नाही.

परतीला कोलशेतशी पुन्हा पाणी घ्यायचं होतं. उतरायचं त्राण कोणात नव्हतं. ‘तू जा,’ बायजाबाई पडल्या पडल्या म्हणाली. ‘दोन हंडे भरून आण. आणि लवकर ये.’

गुणाजी आगरात होता. लक्ष्मी विहिरीजवळच्या ओट्यावर एकटीच ऊन खात बसली होती. सगुणाने हंडे खाली ठेवले, आईसमोर उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हातारीने ते हात चाचपले. तळव्यांचे घट्टे, चुलीने भाजलेली बोटं, भेगा.

‘कोण गं?’ ती म्हणाली. ‘शेटच्या मचव्यावरची काय तू? ती आजारी होतीस ती?’

सगुणाने तोंड कानाशी नेलं.

‘बरी झालीस ना?’ म्हातारी तिच्या बोलण्याची वाट न बघता म्हणाली. ‘राग धरू नको माझा. लेकीचा जीव असतो. तुझे हात बघ, थेट माझ्यासारखे. आन माझ्या सगुणेचे बघितलेस? लोण्यासारखे. लोक मना येऊन सांगायचे, पोरीला छळतात, राबवतात. चार वर्सं मना झोप नव्हती. त्या दिवशी तिचे हात हातात घेतले तवा कळलं, लोक खोटं बोलतात. त्या रात्री मी झोपले बघ. आता मी मरायला मोकळी.’

सगुणाचं तोंड कानाशी तसंच होतं. म्हातारी वाट बघत होती.

‘शेटच्याच घरची मी,’ सगुणा ओरडली. ‘पाण्याला आले.’

‘मग जप हो तिला. नाजूक हाय ती.’

‘जपते.’

तिने विहिरीतून पाणी ओढलं, हंडे भरले, एक डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन बांधावरून फळीवर आली. मचव्यात रतनला जरा बरं वाटत होतं. ती गळ्यातली पुतळी बोटांनी फिरवत बसली होती.

‘भेटली का तुझी आई?’ तिने विचारलं. ‘काय म्हणाली?’

सगुणाने हंडा उतरवून नीट ठेवला, त्यावर झाकण ठेवलं.

‘तुम्हाला जपायला सांगितलंय, वन्सं,’ ती म्हणाली.