समोरच्या गच्चीवरचे डोळे

"गल्लीची, आळीची, वाटेवरच्या वाटसराची, ज्या डोळ्यांची लागली, त्या डोळ्यांत परत जावो."

शाळेच्या नाटकात रेवा राणी झाली होती, तेव्हा याच उंबऱ्यावर आईनं असं म्हणत मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या. तेव्हा बघणारे होते किती? ओरछा गेटची एवढीशी गल्ली. आता मालिकेमुळे अख्खा देश रेवाला ओळखत होता, आणि लग्न मोडून ती झाशीला आली तसे कॅमेरेही मागोमाग आले. समोरच्या गच्चीवर त्यांनी तंबूच ठोकला.

नचिकेतनं, तिच्या धाकट्या भावानं, खिडक्यांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. पण रेवाची कॅमेऱ्याची सवय जाईना. न्हाणीघरात केस विंचरतानाही ती उजवा गाल पुढे धरायची. लग्न मोडल्याचं दुखतंय का, असं कुणी विचारलं तर आठवून सांगावं लागायचं.

मग एका सकाळी शारदाबाईंनी न राहवून लेकीला दारात उभं केलं. मीठ, मोहऱ्या, मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या. धूर गच्चीपर्यंत गेला.

संध्याकाळी टीव्हीवर त्यांच्या चेहऱ्याभोवती लाल गोल होता. खाली पट्टी: 'अभिनेत्री के घर तंत्र-क्रिया?'

"आई, बधाई हो," नचिकेत म्हणाला. "तू व्हायरल झालीस."

"पदर तरी नीट होता का रे?"

"पदर ठीक था. डोळे मात्र चेटकिणीसारखे दाखवलेत."

रेवा हसली. हसू कुठं संपवायचं ते तिला नेमकं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण विरजण मागायला आली, ती बाहेरूनच वाटी घेऊन गेली. आणि लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या देवळाच्या ज्या पायरीवर शारदाबाई रोज तिन्हीसांजा घटकाभर बसत, तिथंही एक माइकवाला येऊन थांबला. ती पायरी नवरा-बायको दोघांची होती. चैत्रात रमाकांतराव गेल्यापासून त्या एकट्याच जात. आता जाणं थांबलं.

दुपारी मायलेकी मटार सोलत बसल्या होत्या.

"आई, मी मुंबईला जात नाही," रेवा म्हणाली. "इथंच राहते. चालेल ना?"

शारदाबाईंनी शेंग उकलली, दाणे ताटात पडू दिले. दुसरी उचलली. ती तशीच हातात राहिली.

"बोल ना गं."

"तुझे बाबा गेले, तेव्हा मसणवटीपर्यंत हे लोक आले होते. तुझ्या मागं. माझ्या तोंडासमोर माइक होता. मी रडले नाही."

"मला माहितेय."

"नाही माहीत. नंतर त्या पायरीवर बसून थोडं थोडं रडत होते मी. आत्ता कुठं यायला लागलं होतं." त्यांनी लेकीकडं पाहिलं नाही. "तू आलीस आणि ते पुन्हा अडलं. रेवा, तू जा, बाई. मला तुझ्या बाबांसाठी रडायचंय."