गाडीची मागची बाजू

ग्यानोबा गुरुजींनी अंगणात उकिडवं बसून काडीनं जमिनीवर एक चौकोन काढला, त्याला लागून दुसरा काढला, आणि दुसऱ्याच्या भिंतीवर दोन आडव्या रेघा मारल्या.

"ही खिडकी. हिच्यातून खाली बघितलं का दरीत ढग. ढग खाली आन् आपण वर."

पाच वर्षांच्या चंदानं त्या रेघांवर पाय ठेवून पाहिला. ढग काही लागला नाही.

पुसेगावच्या शाळेतल्या सहा मास्तरांनी मिळून चिखलदऱ्याला एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या घरातल्या दोन खोल्या दहा वर्षांसाठी घ्यायच्या, असा हा बेत होता. दरसाल प्रत्येकाला आठ दिवस. कुणी कधी जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पाच मास्तर तयार होते. सहावा किसनसिंग, म्हणजे चंदाचा बाप, अजून हो-ना करत होता. ग्यानोबा म्हणूनच बायकोला घेऊन दीड कोस चालत तांड्यावर आले होते.

किसनसिंगचा बाप लखमा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बैलगाडीवर कामट्या वाकवून बांधत होता. दोन महिने त्याचं हेच चाललं होतं. गाडीवर तट्ट्याचं छप्पर, तळाला उचलून ठेवता येतील अशा फळ्या, एका अंगाला पीठ-मीठ ठेवायची पेटी, दुसऱ्या अंगाला भांडी अडकवायला आकडे. लेकाला फिरायची एवढी हौस आहे तर ही गाडी आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या लहानपणी तांडा पाठीवर मीठ लादलेल्या बैलांमागून मुलखभर हिंडायचा. लखमा स्वतः बैलाच्या पाठीवर बांधलेला असायचा. घर माणसाच्या मागून यायचं. आता माणसानं घराच्या मागे चिखलदऱ्यापर्यंत जायचं, हे त्याला उलटं वाटत होतं.

"गुर्जी," त्यानं सुतळीची गाठ दातांनी आवळत विचारलं, "आठ दिवस ती खोली तुमची. बाकी साल कुणाची?"

"बाकीच्यांची, बाबा."

"आन् चिठ्ठी आखाडात निघाली तर?"

"तर ढग घरातच येतेल," ग्यानोबा म्हणाले, आणि लखमासुद्धा गालात हसला.

दाराच्या आत चुलीपाशी पारू भाकरी थापत होती. ओढणी छातीपर्यंत ओढलेली. शेजारी ग्यानोबांच्या निर्मलाबाई पाटावर बसल्या होत्या. पारूला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती. एवढ्या काळात सासऱ्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं आणि तिनं सासऱ्याशी एक शब्द बोललेला नव्हता. तांड्याची रीतच तशी. सुरुवातीला ती शेळीला सांगायची, शेळे, भाकर झाली गं, आणि लखमा उठून जेवायला यायचा. चंदाला वाचा फुटली तशी शेळी सुटली. आता इकडचा निरोप तिकडे चंदाच न्यायची. पण लखमा दिवसभर अंगणात असायचा, त्यामुळे पहाटेपासून निजेपर्यंत पारूचं जग ओढणीच्या कापडाएवढं होतं, आणि कापडाखाली तिला स्वतःच्या पायाची बोटं दिसायची.

"तुला काय पायजे, पारू?" निर्मलाबाईंनी हळूच विचारलं. "खोली का ही गाडी?"

भाकरी परातीत फिरायची थांबली. गाडीत काय होणार ते पारूला ठाऊक होतं. सासरा हातभर अंतरावर, आणि आठ दिवस तीच बोटं. खोलीत मात्र ती, नवरा आणि लेकरू, एवढेच.

"आठ दिवस तोंडाला वारा लागंल, बाई," ती पुटपुटली, आणि बोलून गेल्यावर तिनं घाईनं भाकरी तव्यावर टाकली. परातीत बोटं घालून पिठाची चिमणी करणाऱ्या चंदाकडे तिचं लक्ष नव्हतं.

थोड्या वेळानं अंगणातून लखमाची हाक आली.

"चंदे, याडीला इचार. तिच्या मनात काय हाय, खोली का गाडी?"

पारूनं लेकीच्या कानात सांगितलं, म्हणावं, मोठ्यांच्या मनात असेल ते. चंदा पळत गेली. आजोबासमोर उभी राहिली. सांगितलेलं वाक्य तिला एक तर आठवलं नसावं किंवा आवडलं नसावं.

"दादा, याडी म्हणती, खोलीत तिच्या तोंडाला वारा लागंल."

किसनसिंगनं मान खाली घातली. ग्यानोबा आपल्या ढगांकडे बघत बसले. आत पारूच्या तव्यावरची भाकरी करपली, तरी तिला उलटायचं सुचेना. लखमाच्या हातातली सुतळी तेवढी लोंबत राहिली.

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं कोयता उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर गाडीच्या मागच्या बाजूचा तट्टा कापून काढलेला होता. मागून बंद असलेलं छप्पर आता सताड उघडं होतं, आणि काठाशी, पाय खाली सोडून बसता येईल अशी, रंधून गुळगुळीत केलेली फळी ठोकलेली होती. धूळ येईल, किसनसिंग म्हणाला. येऊ दे, लखमा म्हणाला. दिवाळीची सुट्टी अजून होती, पेरण्या उरकल्या होत्या, बैल मोकळे होते. चार-पाच दिवस येलदरीच्या धरणापर्यंत जाऊन येऊ, मग गुरुजींना काय सांगायचं ते सांग, असं तो लेकाला म्हणाला. ग्यानोबांनीही मान्य केलं. सोमवारच्या टपालानं नावं चिखलदऱ्याला जायची होती. रविवारी दिवेलागणीपर्यंत किसनसिंगचा निरोप आला नाही तर सातवा एक मास्तर वाटच बघत होता.

बुधवारी उजाडता उजाडता गाडी निघाली. पुढे जुवापाशी लखमा, त्याच्या मागे किसनसिंग, मध्ये पेटीला टेकून सासू भिकाबाई, आणि अगदी मागे, रस्त्याकडे तोंड करून, पारू आणि चंदा. पारूची ओढणी हनुवटीखाली होती. फळीखालून वाट निघत होती आणि तिला तिच्यावर आपले लोंबते पाय तेवढे दिसत होते.

शिवार मागे पडलं तसा लखमा मोठ्यानं बोलू लागला. बोलत होता भिकाबाईशी, पण आवाज गाडीच्या पार मागे पोचेल असा होता. त्याच्या याडीची, म्हणजे आईची गोष्ट. तांडा चालायला लागला की म्हातारे पुढे, बैल मध्ये, बायका मागे. याडीचं तोंड त्याला आठवतं ते उन्हातलंच. घुंगट असायचा तो मुक्काम पडल्यावर, बसलेल्या घराला. चालत्या तांड्यात बाईला वाट दिसायला पाहिजे, नाही तर काट्यात पाय जायचा.

भिकाबाईनं तंबाखू चोळायची थांबवली.

"तुमच्या याडीच्या हाताखाली मी सात वर्सं काढली. ती बाई झोपेतबी ओढणी सोडत नव्हती."

"तवा तांडा बसला व्हता," लखमा बैलांच्या शेपट्यांकडे बघत म्हणाला.

"आन् मला हे आज सांगून राहिले. चाळीस वर्सांनी."

"आज गाडी निघाली."

भिकाबाई हसली. हसताना तिचं सगळं अंग आणि आकड्यांवरची भांडी हलली. मग ती मागे सरकली आणि सुनेच्या मांडीवर तिनं एक थाप मारली, एवढंच.

पारूनं ओढणी आधी नाकापर्यंत उचलली. एक ओढा गेला. मग कपाळापर्यंत. पुढच्या गावाच्या बाहेर एस.टी. त्यांच्या मागून आली, भोंगा वाजवत बाजूनं गेली, आणि खिडकीतल्या सगळ्या माणसांनी तिला पाहिलं, तिनं त्या सगळ्यांना पाहिलं. ऊन वर येईतो ओढणी मानेवर पडली होती. वाट तिच्या पायांखालून सुटून लांब लांब जात होती. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्येच हिरवीगार हळद, बांधावर राखणीला बसलेला एकटा म्हातारा, त्यानं केलेला हात. वारा तिच्या डोळ्यांत गेला, पाणी आलं, ते तिनं तसंच वाहू दिलं.

लखमानं त्या दिवसापासून मान मागे वळवली नाही. पाणी हवं असलं की तो नुसता हात मागे करायचा. मुक्कामाला गाडी उभी केली की बैल सोडून तो दूर, धुरेच्या पुढच्या बाजूला बसायचा, गाडीकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशी पारू स्वतःशीच जात्यावरचं काहीतरी गुणगुणायला लागली तेव्हा पुढे कासरा सैल पडला आणि बैल आपोआप सावकाश चालू लागले. संध्याकाळी किसनसिंगनं काळजीनं विचारलं, मान धरली काय, बा? भिकाबाई त्याच्या मानेला तेल चोळत बसली आणि चोळता चोळता हसत राहिली.

येलदरीचं पाणी पाहून चंदा आधी घाबरली, मग बाहेर निघेना. भिकाबाईसुद्धा गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. शुक्रवारचा सगळा दिवस तिथेच गेला. लाकडं ओली निघाली, वरणात राख पडली, किसनसिंगला दवानं सर्दी झाली. रात्री गाडीखाली झोपताना मुंग्यांनी त्याला एकट्यालाच निवडलं.

परतीच्या वाटेवर तो पारूशेजारी येऊन थोडा वेळ बसला आणि शिंका देत त्यानं दोन्ही बाजू मांडल्या. खोलीला कडी आहे, पलंग आहे, मुंग्या नाहीत. सांगू का ग्यानोबाला हो म्हणून?

"खिडकीतून काय दिसतं म्हणले व्हते?" पारूनं विचारलं.

"दरी. ढग."

"रोज तेच?"

किसनसिंग पुन्हा शिंकला.

रविवारी दुपार कलताना सेनगाव मागे पडलं. पुढे बाभळीपाशी वाट फुटत होती. उजवीकडची तांड्याची, डावीकडची कयाधूच्या काठानं नरसीकडे जाणारी. पारूला मागून बाभूळ दिसायच्या आधीच चाकाखालचे ओळखीचे दगड लागले. गाडी आता घराच्या वाटेला होती. तिनं दोन्ही हातांनी ओढणी पुढे घेतली आणि हनुवटीखाली ओढली. पायाची बोटं धुळीनं पांढरी झाली होती.

"दादा," चंदानं हे निरोप नसतानाही सांगितलं, "याडीनं तोंड झाकलं."

बैल आपणहून उजवीकडे वळत होते. लखमानं डावा कासरा ओढला. बैलांना पटेना. त्यानं पुन्हा ओढला.

"बा, घर तिकडं," किसनसिंग म्हणाला.

"म्हाईत हाय."

"आज रविवार हाय. तिकडं ग्यानोबा वाट बघून राहिला असंल."

"मंग उतर. इथून चालत गेला तर दिव्याच्या येळेला पोचशील. आमी येतो दोन-चार दिवसांनी. बैल थकले न्हाईत अजून."

किसनसिंगनं उडी मारली. पायजमा झटकला, तांड्याच्या वाटेकडे एकदा पाहिलं आणि बायकोला सांगून जावं म्हणून गाडीच्या मागे आला. गाडी बैलांच्या चालीनं चाललीच होती. ओढणी एव्हाना पुन्हा मानेवर गेली होती. पारूच्या कपाळावर चार दिवसांच्या उन्हाची रेघ उठली होती, केसांत कापसाचा धागा अडकला होता, आणि ती त्याच्याकडे सरळ बघत होती. किसनसिंग तिच्यासमोर दहा पावलं चालला, वीस पावलं चालला. घरात बापासमोर तो तिच्याकडे कधी बघत नव्हता, आणि बापामागे बघायचा तो चिमणीच्या उजेडात. भर दिवसा, समोरून, एवढा वेळ, त्यानंही तिला पाहिलं नव्हतं.

"उशीर होईल तुमाला," पारू म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला, आणि चालत राहिला.

पारूनं चंदाला उचलून मांडीवर घेतलं आणि सरकून फळीवर जागा केली. किसनसिंग धावत येऊन तिच्या बाजूला चढून बसला. मागे वजन वाढलं तशी गाडीची धुरा वर उचलली आणि बैलांच्या मानेवरचं जू हललं.

"पुढं सरका रे कुणीतरी," लखमा समोर बघत म्हणाला, "गाडी उलाळ व्हतीय."

मागून कुणी हललं नाही. भिकाबाईनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. थोडा वेळ वाट पाहून लखमा स्वतःच पुढे सरकला आणि धुरेवर, अगदी बैलांच्या पाठीशी जाऊन बसला.