घट्ट झालेली टेप आणि पंधरा मीटरचं झाड

मित्रांनो, मी एक जुनी कापडी टेप आहे. लांबी तीस मीटर. म्हणजे, निदान माझा तसा समज होता!

कारखान्यात माझ्या पिवळ्या अंगावर काळे आकडे छापले आणि मला एका गोल डबीत गुंडाळलं. तिथून मी वनखात्यातल्या मोजणीदार ताईंच्या हाती आले. त्यांचं काम ऐकून तुम्ही उड्याच माराल. रानोमाळ भटकायचं, सगळ्यांत मोठी झाडं शोधायची आणि मोजायची! छातीच्या उंचीवर बुंध्याला माझा वेढा घालायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. सात मीटर, नऊ मीटर, अकरा मीटर! ताई टाळ्या पिटत आणि मला वाटे, हे झाड जणू मीच वाढवलं. बावीस वर्षं चिखल, काटे, मुंग्या सगळं सोसलं, पण काम सोडलं नाही.

मग डोंगरउतारावरचं ते झाड सापडलं. काय त्याचा बुंधा! पण तिथला रस्ता रुंद होणार होता आणि झाड नेमकं आड येत होतं. वाचवायचा मार्ग एकच. नोंदवहीत जे झाड सर्वांत जाड, त्याला करवत लावायची नाही, असा खात्याचा नियम होता. आधीचा विक्रम दुसऱ्या कचेरीने पोलादी टेपने मोजलेला, पंधरा मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर. तो मोडायला हवा होता, आणि करवतवाले दुसऱ्याच दिवशी यायचे होते.

एवढ्या झाडाला वेढा घालायला दोन माणसं लागतात, म्हणून ताईंचे यजमान आले होते. ते शिंपी. माझं टोक धरून ते बुंध्यामागे दिसेनासे झाले.

"अहो, पोचलात का?" ताईंनी हाक मारली.

"पोचतोय! याला शर्ट शिवायचा तर अख्खं दुकान रिकामं होईल!"

वेढा पूर्ण झाला. मी श्वास रोखला. ताईंनी वाचलं, पंधरा मीटर वीस. पुन्हा मोजलं, पुन्हा वीसच. आठ सेंटीमीटर कमी! ताई मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार वाईट वाटलं, पण मी खरं तेच सांगितलं होतं ना?

शिंपी मात्र मला बोटांनी चाचपत होते.

"ही टेप कधीची गं?"

"आपल्या लग्नाच्या आधीची."

"अगं, कापडी टेप मी दर वर्षी बदलतो. ताणलेल्या टेपने माप कमी भरतं, शर्ट घट्ट होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, शिंप्याने कापड मारलं!"

ताई ताडकन उठल्या. दोघं धावतपळत दुकानात आले. कापड बेतायच्या टेबलावर लोखंडी मीटरपट्टी ठेवली आणि तिच्या शेजारी मला. माझा एक मीटर पट्टीपेक्षा जवळजवळ एक सेंटीमीटर लांब निघाला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताठ मानेने सांगितलेले आकडे खोटे होते. ताई मात्र ओरडल्या, "अहो, म्हणजे झाड जिंकलंय!"

"आधी नीट मोजू या," शिंपी म्हणाले. "हुरळून जाऊ नकोस."

सकाळी करवतवाले आले, ताईंनी रात्रीच कळवलेले खात्याचे साहेबही पोलादी टेप घेऊन आले. मी ताईंच्या पिशवीतून डोकावत होते. साहेबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"पंधरा मीटर चौतीस!" ते म्हणाले. "गाडी वळवा रे. आता रस्ताही वळेल."

ताईंनी सगळ्यांदेखत यजमानांना मिठी मारली. शिंपी लाजून लाल झाले. मी मोजलेली जुनी झाडं ताई आता पोलादी टेपने पुन्हा मोजत आहेत, आणि ते बरोबरच आहे.

माझं काय होणार? मला वाटलं, कचऱ्याचा डबा. पण 'झाड तोडू नये' ही पाटी लावायची होती आणि खिळा ठोकायला ताई काही केल्या तयार होईनात. त्यांनी पाटी माझ्यात ओवली आणि मला बुंध्याभोवती बांधलं.

मित्रांनो, झाड अजून वाढतंय! ते जाड होतं तशी मी ताणली जाते, आणि आता मला त्याची लाज वाटत नाही. पण माझ्या ताणण्यालाही मर्यादा आहे. म्हणून एकच विनंती. इकडे आलात तर माझी गाठ बघा आणि घट्ट झाली असेल तर सैल करा. नाहीतर ज्याला वाचवलं, त्याच्याच सालीत मी रुतेन.