उम्म नसमाच्या जिभेखालचं पोट

मंगळवारी सकाळी साडेअकराला डॉक्टर मुफीदांनी उम्म नसमाच्या जिभेत पोट पाहिलं आणि संशय वगदीवर घेतला.

तशा त्या उगीच कोणावर संशय घेणाऱ्या नव्हत्या. तांता शहरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये दोघांनी मिळून एकोणीस वर्षं लोकांच्या अंगातून काढलेले तुकडे तपासले होते. वगदी तुकडा मेणात बसवायचा, केसाच्या पंधराव्या हिश्शाएवढे पातळ काप काढायचा, रंगवून काचेवर चढवायचा. डॉक्टर वरून बघायच्या आणि सही करायच्या. एकोणीस वर्षांत वगदीने लग्नाची अंगठी दोनदा हरवली होती. तुकडा एकदाही नाही.

"ये, बस. बघ आणि सांग काय दिसतंय."

वगदीने मायक्रोस्कोपला डोळा लावला. सुरेख काप होता, स्वतःचाच म्हणून सांगत नाही. वर खळगे, खाली ग्रंथींच्या नळ्या, त्यांत गुलाबी फुगीर पेशी. पोटात आम्ल बनवतात त्याच.

"पोट आहे, डॉक्टरबाई."

"आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"जिभेखालची गाठ."

"मग?"

"मग बाईंनी जीभ गिळली असेल."

घाबरला की वगदीच्या तोंडून विनोद सुटायचा. सासऱ्याच्या मयतीलाही सुटला होता. डॉक्टर हसल्या नाहीत.

"जिभेखालच्या गाठीत मला काय दिसायला हवं, वगदी? थुंकीची नळी फुटली असेल तर चिकट पाण्याचं डबकं, त्याला अस्तर नाही. डर्मॉइड असेल तर कातडीसारखं अस्तर, आत पांढरा भुगा, भिंतीत एखादं केसाचं मूळ, तेलाची ग्रंथी. फारच दुर्मीळ काही असेल तर अस्तराभोवती लसिका पेशींची गर्दी. यातलं एक तरी आहे?"

"नाही."

"शनिवारी पोटाचा तुकडा कोणाचा आला होता?"

एका म्हाताऱ्याचा. पोटातला कोंब, म्हणजे पॉलिप, हरभऱ्याएवढा. तांतामध्ये माप हरभऱ्यातच देतात. सगळ्या गावाचं पोट हरभऱ्याच्या मिठाईवर चालतं. उम्म नसमाची गाठही हरभऱ्याएवढीच होती, भिजवलेल्या. आणि इथे पेशंट आपला तुकडा आपणच घेऊन येतात. दवाखान्यातली नर्स खालच्या वाण्याकडच्या मधाच्या रिकाम्या बरणीत फॉर्मालिन ओतते, तुकडा टाकते आणि बरणी पेशंटच्या नाहीतर नातेवाइकाच्या हातात देते. शनिवारी एकाच बाकावर शेजारी शेजारी दोन माणसं बसली होती, दोघांच्या मांडीवर बरसीमच्या मधाची एकेक बरणी, दोन्हींवर तीच मधमाशी हसत होती.

"बाकावरच अदलाबदल झाली," डॉक्टर म्हणाल्या. "म्हाताऱ्याचा ठोकळा काप. त्यात जीभ निघेल, प्रश्न मिटेल."

वगदीने म्हाताऱ्याचा मेणाचा ठोकळा कापला, रंगवला, आणून ठेवला. डॉक्टर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"पोट," त्या शेवटी म्हणाल्या.

म्हणजे आता लॅबमध्ये दोन पोटं होती आणि जीभ एकही नव्हती.

डॉक्टर मुफीदांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकोणीस वर्षांत असं त्यांनी दोनदाच केलं होतं, आणि दुसऱ्या वेळी तर त्यांचा घटस्फोट झाला होता.

"म्हाताऱ्याच्या कोंबाचे दोन भाग झाले, एक बाईंच्या नावाने मेणात गेला. जीभ सिंकमध्ये. दुसरं काही मला सुचत नाही. तुला सुचतंय?"

वगदीला सुचत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. त्याचा नियम होता: एका वेळी टेबलावर एकच बरणी. पण शनिवारी एकला वीज जायची होती आणि पावणेएक वाजला होता, म्हणून दोन्ही बरण्या त्याने एकदमच उघडल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानंतर हाताने काय केलं ते हाताला आठवत असेल, त्याला आठवत नव्हतं.

"बरणीत काही उरलंय?"

"गाठ केवढी होती ती! सगळीच मेणात घातली."

"सर्जनना दोन वाजता फोन करायचाय. तुकडा हरवला म्हटलं की ते बाईंना उद्या पुन्हा टेबलावर घेणार. ती गाठ साधी होती की वाईट, हे कोणालाच माहीत नाही म्हटल्यावर ते आणखी खोल कापणार, जिभेचा खालचा भाग घेणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतला असता." त्यांनी चष्मा परत घातला. "आणि आपलं दोघांचं काय ते त्यानंतर बोलू."

बाहेर बाकावर उम्म नसमा बसली होती. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार हे तिला तीनदा सांगितलं होतं. पन्नाशीची, भरल्या अंगाची बाई. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी सोनेरी झालर. गुरुवारी तिच्या लेकीचं लग्न होतं. सर्जनने बोलू नको म्हटलं होतं, म्हणून ती फक्त गरजेपुरतं बोलत होती. गरज मोठी होती.

"उस्ताज वगदी, झालं का हो माझं?"

"होतंय, उम्म नसमा."

"तुमचं तोंड का असं उतरलंय? वाईट निघालं का? खरं सांगा, मी मनाची घट्ट आहे. आमच्या गल्लीत कोणाचंही लग्न असो, झग़रूता घालायला, जीभ नाचवून लुलूलुलू करायला, मलाच नेतात. तीन मजले ऐकू जाते माझी लुलू. आणि पोटच्या पोरीच्या लग्नात मी काय टाळ्या वाजवत बसू? जिभेला परत हात लावू देणार नाही कोणाला, आधीच सांगते."

"गाठ कधीपासून होती?" काहीतरी विचारायचं म्हणून वगदीने विचारलं.

"लहानपणापासून. वाटाण्याएवढी असायची. पण नाटकी मेली! एरवी गपचूप. मी मोलोखियाच्या पातळ भाजीला लसणीची फोडणी दिली की फुगलीच. फोडणी टाकताना आपण 'हाऽ' करून श्वास ओढतो ना, तो ओढायलाही जागा उरायची नाही तोंडात. सर्जनला सांगितलं तर म्हणे थुंकीचं आहे, जेवताना थुंकी सुटतेच."

"फक्त जेवताना?"

"जेवताना कुठे? नुसत्या वासानं! सासू म्हणायची, हिची जीभ भुकेली आहे."

वगदी दारातच थांबला. मग आत गेला आणि तिचा ठोकळा उजेडात धरून बघत राहिला. तुकडा मेणात आडवा पसरला होता, तव्यावरच्या भाकरीसारखा.

आडवा.

सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी. कापली की पाणी जातं, भिंत उरते. ती भिंत मेणात उभी ठेवायची, कडेवर, म्हणजे एका कापात आतलं अस्तर, मधली भिंत, बाहेरचं मांस, सगळं ओळीने दिसतं. हे तो दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना ओरडून शिकवायचा. आणि शनिवारी घाईत त्याने स्वतः ती झोपवली होती. आडव्या भिंतीचा वरचा पापुद्रा कापला तर नुसतं अस्तर दिसणार. त्याच्याखाली काय आहे ते त्यांनी अजून पाहिलंच नव्हतं.

"डॉक्टरबाई, मी चूक केली."

"ते ठरलंच आहे."

"ती नाही, दुसरी." त्याने ठोकळा पुढे केला. "झोपवलाय. उभा करून पुन्हा कापतो. खाली जीभ असेल."

"आणि वर पोट? एकाच तुकड्यात?"

"तिची गाठ फोडणीच्या वासानं फुगायची."

डॉक्टर मुफीदांनी ठोकळा हातात घेतला. मग हळूच म्हणाल्या, "वाचलंय मी असं. एकदा. बहुतेक तान्ह्या मुलांत. पन्नास वर्षांच्या बाईत कधी ऐकलं नाही." त्यांनी ठोकळा बोटांत फिरवला. "उरलंय किती यात? दोन नखांएवढं. वितळवताना फाटलं किंवा नीट उभं राहिलं नाही, तर संपलं. आत्ता निदान 'अपुरा नमुना' तरी लिहिता येईल. त्यानंतर काहीच नाही."

"अपुरा नमुना लिहिलं तर सर्जन कापणार."

"हो."

"मग?"

"मग उभा कर."

बारा पन्नास झाले होते. वगदीने ठोकळा वितळवला. तुकडा मेणात मोकळा झाला, कांद्याच्या पातीसारखा वळला. चिमट्याने त्याने तो कडेवर उभा केला. तो पडला. परत उभा केला, परत पडला. तिसऱ्यांदा वगदी त्याच्याशी बोलला. काय बोलला ते त्याने पुढे कोणालाच सांगितलं नाही, पण तुकडा उभा राहिला. वर मेण ओतलं, ठोकळा बर्फाच्या प्लेटवर ठेवायला उचलला आणि पंखा थांबला. एक वाजला होता. सरकार वेळेचं फार पक्कं.

"ठोकळा गोठायला हवा," डॉक्टर म्हणाल्या.

वगदी तीन जिने उतरून उसाच्या रसवाल्याकडे गेला आणि बर्फ मागितला.

"किती ग्लासांना?"

"एका जिभेला."

रसवाल्याने विचारपूर्वक दोन खडे जास्तीचे दिले.

कापायचं यंत्र हाताच्या चाकावर चालायचं, त्याला विजेचं काही पडलेलं नव्हतं. वगदीने चाक फिरवलं. पहिले काप चुरगळले. पुढचे तीन फाटले. बर्फ वितळत होता, ठोकळा मऊ पडत होता, आणि प्रत्येक फेऱ्यात तुकडा कमी होत होता. मग एक फीत निघाली, सलग, पाच कापांची. चहाच्या किटलीतलं पाणी डॉक्टरांनी करंगळी बुडवून बघितलं, फार गरम नाही ना. आणि वाडग्यात ओतलं. फीत पाण्यावर पसरली. काचेवर घेतली, किटलीच्या झाकणावर वाळवली. मेण विरघळवायला झायलीन, मग निळा रंग, धुणं, गुलाबी रंग. एक पंचेचाळीस.

"दिवा नाही," डॉक्टर म्हणाल्या, मायक्रोस्कोपकडे बघत.

कपाटावर त्यांच्या विद्यार्थिदशेतला पितळी मायक्रोस्कोप होता. दिव्याऐवजी खाली आरसा. गेली काही वर्षं त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं होतं. वगदीने तो खिडकीत मांडला, आरसा फिरवून समोरच्या इमारतीवरचं ऊन पकडलं. तेवढ्यात समोरच्या बाईने गच्चीवर चादर वाळत घातली.

"बाई! ओ बाई! चादर काढा!"

"का? तुझ्या बापाचं ऊन आहे का?"

"जिभेचा प्रश्न आहे!"

"तुझी जीभ सांभाळ आधी, मेल्या!" असं म्हणून तिने उशांचे अभ्रेही टाकले.

दाराशी आलेल्या उम्म नसमाने हे सगळं ऐकलं. ती खिडकीशी गेली, वगदीला बाजूला केलं, आणि सर्जनचा हुकूम झुगारून, टाक्यांसकट, त्या बाईला चार वाक्यं सुनावली. त्यातली तीन इथे लिहिण्यासारखी नाहीत. चौथं होतं, "गुरुवारी माझ्या पोरीचं लग्न आहे, तूही ये." चादर निघाली. अभ्रे निघाले. ऊन आरशात आलं.

डॉक्टर वाकल्या.

भिंतीवरच्या घड्याळात दोनला तीन मिनिटं कमी होती. ते सेलवर चालायचं, त्यामुळे थांबत नव्हतं. उम्म नसमाने वगदीची बाही घट्ट धरली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण दोन माणसं घामाने भिजून आपल्या जिभेकडे बघतायत एवढं तिला कळत होतं.

"इथे पोट," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "पोटाचं अस्तर. खाली गुळगुळीत स्नायूचा पातळ पट्टा." त्यांनी काच किंचित सरकवली. "अस्तर संपतंय." आणखी किंचित. मग श्वास सोडला. "आणि त्याला लागूनच, सांध्याशिवाय, तोंडाचं अस्तर. थरावर थर. खाली थुंकीच्या छोट्या ग्रंथी. त्याखाली जिभेचे पट्टेदार स्नायू, उभे-आडवे गुंफलेले. असे दुसरीकडे कुठेच नसतात." त्यांनी मान वर केली. "वगदी, हे एकच माणूस आहे."

वगदी बर्फाच्या पाण्यात खाली बसला. मुद्दाम नाही.

डॉक्टरांनी फोन लावला. "हरवलं नाही. सापडलं... जठराच्या अस्तराची सिस्ट... हो, जिभेखाली... नाही, मी शुद्धीवर आहे... पूर्ण साधी. वाईट पेशी कुठेही नाहीत. पुन्हा कापायची गरज नाही, फक्त नजर ठेवा... स्लाइड पाठवते. सूर्य असेल तेव्हा बघा."

मग त्या उम्म नसमाकडे वळल्या. "बाळ आईच्या पोटात असतं ना, अगदी सुरुवातीला तोंड आणि पोट एकाच नळीत असतात. तुमच्या वेळी पोटाचा एक कण वर जिभेशीच राहून गेला. तो तिथे बसून आम्ल करायचा. वास आला की कामाला लागायचा."

उम्म नसमाने विचार केला. "म्हणजे माझ्या जिभेला खरंच भूक लागायची?"

"एका अर्थी."

"आणि सासू बरोबर होती?"

"वैद्यकीयदृष्ट्या, हो."

"हे रिपोर्टात लिहू नका," उम्म नसमा म्हणाली. "ती लग्नाला येणारे."

म्हाताऱ्याच्या पोटात पोटच निघालं होतं, साधा कोंब. त्याचा रिपोर्ट एका ओळीत संपला. उम्म नसमाचा दीड पान झाला. तो घेऊन तिने मधाची बरणी परत मागितली, लिंबाच्या लोणच्याला लागेल म्हणून. वगदीने ठाम नकार दिला. फॉर्मालिन म्हणजे काय ते समजावलं. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बरणी लॅब स्वतःच लोणच्याला वापरणार हे तिला कळून चुकलंय.

"पंधरा दिवस जीभ हलवायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. "गुरुवारी लुलू दुसरं कोणीतरी घालेल."

"घालेल हो. माझी बहीण घालेल. तिची दीड मजला जाते."

ती जिना उतरली. वगदी फरशी पुसायला घेणार, तोच खालून, दुसऱ्या मजल्याच्या आसपासून, एक लुलू उठली. बारीक, जपून, अर्ध्यातच तुटलेली.

वगदी कठड्यावरून वाकला. "टाके! उम्म नसमा, टाके!"

"आहेत, आहेत!" खालून आवाज आला. "मी बघत होते फक्त, वरपर्यंत जाते का!"